परतीची तारीख कोणी ठरवायची?

परदेशी शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी विमानाचे तिकीट काढावयास बसतो, तेव्हा त्याच्यापुढे एक साधा प्रश्न येतो : परत केव्हा? प्रवेशपत्र हाती आलेले असते, व्हिसाचा शिक्का उमटलेला असतो, बँकेने कर्ज मंजूर केलेले असते आणि बहुधा त्यासाठी घर किंवा जमीन तारण पडलेली असते. जाण्याची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ठरवून दिलेली असते. परतीची तारीख मात्र कोणीच सांगू शकत नाही. प्रबंध केव्हा स्वीकारला जाईल, निकाल केव्हा लागेल, पुढे काम मिळेल की नाही, मध्येच घरी कोणाचे दुखणे निघेल की काय, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर त्याच्या हाती नसते. तथापि तिकिटाच्या व्यवहाराला ‘ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही. तिथे एक तारीख घालावीच लागते; आणि ती चुकली की चुकीची किंमतही मोजावी लागते.

विमानाने जाणाऱ्याच्या अडचणींची चिंता कष्टकऱ्यांच्या पक्षाने का करावी, असे यावर कोणी विचारील. एस. टी.चे भाडे वाढले तर मोर्चा काढावा, विमानाचे भाडे वाढले तर ज्याचे त्याने पाहावे, अशी एक सोपी विभागणी कार्यकर्त्यांच्या मनात असते. परंतु आज परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी केवळ मलबार हिलवरून निघत नाही. अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या संस्थांत २०२४-२५ या एका वर्षात ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. एवढी संख्या निव्वळ धनिकांच्या मुलांची असू शकत नाही. प्राथमिक शिक्षकाची, बँकेतल्या कारकुनाची, दोन-चार एकरांच्या धन्याची मुले आता या रांगेत उभी आहेत. धनिकाच्या मुलाला तारीख बदलण्याचा दंड म्हणजे एका मेजवानीचा खर्च. कर्ज काढून गेलेल्या मुलाला तोच दंड म्हणजे दोन महिन्यांचे जेवण. दंड सर्वांना सारखाच असतो. विषमता अशीच समानतेचा वेष घेऊन वावरत असते.

हा व्यवहार कसा चालतो ते आधी पाहिले पाहिजे. विमान कंपन्या आपली आसने साधारणतः अकरा महिने आधीपासून विक्रीस काढतात. त्यापलीकडच्या तारखेचे आसन मुळात उपलब्धच नसते. तिकिटाची मुदतही सामान्यतः एक वर्षाची. म्हणजे सप्टेंबरात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघालेल्या विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने परतीचे तिकीट मिळूच शकत नाही. आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला निघालेल्याला मिळते ते बहुधा खोट्या तारखेचे. पुढच्या जून-जुलैमधली कोणतीतरी तारीख घालून ठेवावी आणि मागाहून बदलून घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. या बदलाचे शुल्क निराळे आणि नव्या दिवसाच्या भाड्यातला फरक निराळा. ‘तारीख बदल विनामूल्य’ असे जिथे ठळक अक्षरांत छापलेले असते, तिथेही बहुधा फक्त शुल्क माफ असते. फरक भरावाच लागतो. डिसेंबरात किंवा जुलै-ऑगस्टात, म्हणजे नेमके सारे विद्यार्थी ये-जा करतात तेव्हा, हा फरक हजारांच्या घरात जातो.

मग एकेरी तिकीटच का काढू नये? काढावे, पण तिथेही मेख आहे. लांब पल्ल्याच्या अनेक कंपन्यांच्या दरपत्रकात जाण्या-येण्याचे भाडे एकेरीच्या दुप्पट नसते. पुष्कळदा ते एकेरीहून थोडेसेच अधिक असते. म्हणून कित्येकजण दुहेरी तिकीट काढतात आणि परतीचा भाग वाया जाऊ देतात. याच्या उलट मात्र करता येत नाही. जाण्याचा भाग न वापरता परतीचा वापरू म्हटले, तर सबंध तिकीट रद्द होते. व्हिसा उशिरा आल्यामुळे ज्याचे जाणे हुकले, त्याचे येणेही त्याबरोबर बुडते. पैसे घेताना दोन प्रवासांचे घ्यावयाचे आणि नियम लावताना ते एकच तिकीट मानावयाचे, असा हा न्याय आहे.

हे असेच असावे, असा काही निसर्गाचा नियम नाही. कागदी तिकिटांच्या काळात ‘ओपन’ तिकीट म्हणून एक प्रकार चाले. परतीच्या पानावर तारखेची जागा मोकळी ठेवलेली असे. मुदतीच्या आत कंपनीच्या कचेरीत जावे आणि आसन असेल त्या दिवसाची तारीख लावून घ्यावी. ते तिकीट स्वस्त नव्हते, हे खरे; परंतु परतीचा दिवस आज सांगता येत नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थेला मान्य होती. २००८ च्या जूनपासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेतून कागदी तिकीट हद्दपार झाले. त्याच्या बऱ्याच आधी, अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील शासकीय नियंत्रण कायद्याने उठल्यानंतर, आसनांचे दर मागणीप्रमाणे वरखाली करण्याची पद्धत तिथल्या कंपन्यांनी बसविली होती आणि ती पुढे जगभर पसरली. या पद्धतीचे मर्म असे की, जो आपली तारीख फार आधी ठरवू शकतो त्याला स्वस्त आणि ज्याला ती ठरविता येत नाही त्याला महाग. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या व्यावसायिकाकडून अधिक पैसे काढावेत, हा त्यामागचा हिशेब होता. त्या जाळ्यात विद्यार्थी आपसूक सापडला. व्यावसायिकाच्या अनिश्चिततेचे पैसे त्याची कंपनी भरते. विद्यार्थ्याच्या अनिश्चिततेचे त्याचा बाप भरतो.

आता ही अनिश्चितता निर्माण कोण करतो, तेही पाहावे. ती विद्यार्थ्याच्या चंचलपणातून येत नाही. ब्रिटनमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याचा प्रबंध बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सादर होतो आणि निकाल नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो. बारा महिन्यांच्या वा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमाच्या व्हिसाची मुदत अभ्यासक्रम संपल्यावर चार महिने राहते. शिक्षणानंतर काम करण्याचा परवाना हवा असेल, तर त्या मुदतीच्या आत आणि ब्रिटनमध्ये राहूनच अर्ज करावा लागतो. त्यासाठी अभ्यासक्रम पुरा झाल्याचे विद्यापीठाने शासनाला कळविलेले असले पाहिजे. अर्ज केल्यावर निर्णय येण्यापूर्वी विद्यार्थी मायदेशी आला, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. त्या आठवड्यांत घरी कोणाचे काही बरेवाईट झाले, तर दोहोंपैकी एका गोष्टीवर त्याने पाणी सोडावयाचे. बरे, हा परवानाही स्थिर नाही. आज तो पदवीधरांना दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळावयाचा आहे.

अमेरिकेची तऱ्हा याहून विलक्षण. विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्याने आपण मायदेशी परतणार आहो हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे, असे तिथला कायदा सांगतो. आणि तोच देश पदवीनंतर काही काळ तिथे काम करण्याची मुभाही देतो. परतण्याची शपथ आणि राहण्याचे आमंत्रण अशी दोन्ही कागदपत्रे एकाच पाकिटात! व्हिसा हाती पडेपर्यंत प्रवासाचे पक्के बेत करू नका, असा त्या शासनाचा अधिकृत सल्ला आहे. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी देशात पाऊल टाकता येत नाही. या दोन नियमांच्या चिमट्यात तिकीट काढण्याचा काळ गर्दीच्या हंगामातच येऊन पडतो. २०२५ साली मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती ठरविणेच तिथल्या शासनाने थांबविले आणि जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू केले. त्या तीन आठवड्यांत ज्यांची मुलाखत अडली, त्यांनी आधी तिकीट काढले असेल तर ते धोक्यात आले आणि काढले नसेल तर महाग झाले. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. भुर्दंड इचलकरंजी-अकोल्याच्या कुटुंबांनी सोसला.

शिक्षणातली अनिश्चितता नवी नाही. नवे आहे ते तिचे ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम आठवण्याजोगे आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडनला आले आणि तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास आरंभिला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परतीची तारीख त्यांच्या विद्येने ठरविली नव्हती. संस्थानच्या खतावणीने ठरविली होती. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते, ती पाणतीराने बुडाली. तथापि लंडन विद्यापीठाने एक गोष्ट केली : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्‌सी. आणि १९२३ साली डी. एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. मोकळी ठेवलेली ती चार वर्षे नसती, तर देशाचे काय गमावले असते, हे सांगावयास नको.

जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेला गेले ते किती वर्षांसाठी, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते? मळ्यांत आणि कारखान्यांत मजुरी करीत, एका विद्यापीठाची फी वाढली म्हणून दुसऱ्यात जात, त्यांनी सात वर्षे काढली. १९२९ साली आईच्या आजारपणामुळे डॉक्टरेट बाजूला ठेवून ते परतले. त्यांच्या परतीची तारीख आईच्या प्रकृतीने ठरविली. माणसाच्या आयुष्यात अशा तारखा असतात. कोणत्याही दरपत्रकात त्यांना जागा नसते, म्हणून त्या येण्याच्या थांबत नाहीत.

आज बडोदा संस्थानच्या जागी लोकशाही शासन आहे. महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते आणि तीत जाण्याचे व शिक्षण संपवून येण्याचे विमानभाडेही धरलेले आहे. ही योजना स्तुत्य आहे, यात संशय नाही. परंतु एकदा जाणे आणि एकदा येणे एवढाच प्रवास शासनाच्या कल्पनेत बसतो. मधल्या काळात आई वा वडील गेले तर मुलाने काय करावे, हे त्या कल्पनेत नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची कथा याहून खेदजनक. २०२५ च्या जुलैमध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी प्रथम ४० जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल, असे कळविण्यात आले. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हावयाचे आणि जुलैत शासन म्हणते ‘झाल्यास’! ज्याच्या घरी दुसरा पैसा आहे तो तिकीट काढून ठेवतो. ज्याच्यासाठी ही शिष्यवृत्ती मुळात निर्माण झाली, तो थांबतो. आणि तो थांबेपर्यंत तिकिटाचा दर चढत राहतो.

संकटकाळी या व्यवस्थेचे खरे रूप उघडे पडते. २०२० च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. हजारो विद्यार्थ्यांच्या हाती तारखेची तिकिटे होती. तारीख आली आणि गेली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुटली, परंतु भाडे प्रवाशानेच भरावयाचे होते. लंडन ते मुंबई प्रवासाला ५० हजार रुपये आणि अमेरिकेहून येण्यास सुमारे एक लाख रुपये असे दर मंत्र्यांनीच जाहीर केले. वसतिगृह रिकामे करावे लागलेल्या, अर्धवेळ काम बुडालेल्या मुलांपुढे मायदेशाने ठेवलेला हा दर होता.

युक्रेनमध्ये १५ फेब्रुवारी २०२२ रोजी भारतीय दूतावासाने, ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्या विद्यार्थ्यांनी तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असा सल्ला दिला. वर्ग चालू होते, हजेरी बुडण्याची भीती होती आणि तिकिटे महागली होती. विद्यार्थी हिशेब करीत राहिले. २४ फेब्रुवारीला आक्रमण झाले आणि आकाश बंद झाले. त्यानंतर शासनाने ‘ऑपरेशन गंगा’तून त्यांना विनामूल्य आणले, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. परंतु जे विमान युद्धानंतर फुकट मिळू शकते, ते युद्धापूर्वी आठ दिवस परवडेल अशा दरात का मिळू नये? खारकिवमध्ये १ मार्च रोजी तोफगोळ्याने कर्नाटकातील एक विद्यार्थी मारला गेला. त्याच्या मृत्यूला युद्ध कारण आहे. पण त्या आठ दिवसांतल्या सर्वांच्या घालमेलीला तिकिटाचा दरही एक कारण होता, हे विसरता येणार नाही.

एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. परतीची तारीख मोकळी ठेवली तर ही मुले परतणारच नाहीत. गरिबांच्या करातून श्रीमंत देशांना तयार बुद्धिमत्ता पुरविल्यासारखे होईल, असे काहींना वाटते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तिकिटावरच्या तारखेने आजवर कोणाला परत आणलेले नाही. ज्याला राहावयाचे असते तो परतीचे तिकीट सुखाने फुकट घालवतो. ज्याला यावयाचे असते तोच बदलाचा दंड भरत बसतो. म्हणजे ही शिक्षा होते ती परतू इच्छिणाऱ्याला! बाबासाहेबांनी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार पाळण्यासाठी बडोदे गाठले, तेव्हा त्यांना राहावयास जागासुद्धा मिळू दिली नाही ती इथल्या जातिव्यवस्थेने. माणसे परत यावीत असे वाटत असेल, तर इथे संशोधनाला पैसा, विद्यापीठांत नेमणुका आणि समाजात सन्मान हवा.

तेव्हा मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीचे निर्णय वर्ग सुरू होण्यापूर्वी निदान तीन महिने विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजेत. विमानभाड्याची रक्कम त्याला आधी मिळाली पाहिजे आणि परतीच्या तारखेत झालेला बदल विद्यापीठाच्या वा व्हिसाच्या कारणाने असेल, तर त्याचा खर्च शासनाने उचलला पाहिजे. आई-वडिलांच्या मृत्यूच्या वा गंभीर आजाराच्या प्रसंगी एका जादा प्रवासाची तरतूद योजनेत हवी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात परताव्याच्या नियमांचा मसुदा पुढे ठेवला. तीत तिकीट काढल्यापासून ४८ तासांत ते बदलण्याची वा रद्द करण्याची सवलत सुचविलेली होती. नाव चुकलेल्या प्रवाशाला ती उपयोगी पडेल. ज्याची तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी दोन महिने लांबणार आहे, त्याला तिचा काय उपयोग? काही कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामान आणि एकदा तारीख बदलण्याची मुभा स्वखुशीने देतात. जे मर्जीने दिले जाते ते हक्काने मिळाले पाहिजे. परतीची तारीख मोकळी असलेले आणि बदलाच्या खर्चाला वरची मर्यादा असलेले विद्यार्थी-तिकीट भारतातून उडणाऱ्या प्रत्येक कंपनीने ठेवावे, असा नियम करणे शासनाला अशक्य नाही.

हे होईपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. पदवी महाविद्यालयांतून आणि वसतिगृहांतून या विद्यार्थ्यांना साध्या गोष्टी कोणीतरी सांगितल्या पाहिजेत. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. एकेरी आणि दुहेरी दोन्ही दर पाहावेत आणि दुहेरी काढावयाचे तर तारीख बदलण्याचे शुल्क व फरक यांचा नियम एजंटाकडून लिहून घ्यावा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला परतीच्या तिकिटात पैसे अडकवू नयेत. जाण्याचा प्रवास हुकणार असे दिसताच, विमान सुटण्यापूर्वी कंपनीला कळवून तिकीट बदलून घ्यावे. आणि कर्जाच्या पहिल्या हप्त्यातूनच एका आकस्मिक परतीच्या भाड्याएवढी रक्कम बाजूला ठेवावी. शहरी, सुखवस्तू घरांतल्या मुलांना हे सारे घरच्या जेवणाच्या टेबलावर ऐकून माहीत असते. ज्याच्या घरातून यापूर्वी कोणी विमानात बसलेले नाही, त्याला ते ठोकर खाल्ल्यावर कळते.

शिक्षण म्हणजे ज्याचा शेवट आधी सांगता येत नाही असा प्रवास. तो करणाऱ्याला तारीख विचारणे चूक नव्हे. पण ती सांगता आली नाही म्हणून त्याला दंड करणे चूक आहे. एका विद्यापीठाने १९१७ साली एका दलित विद्यार्थ्यासाठी चार वर्षे दार उघडे ठेवले होते. शंभराहून अधिक वर्षांनंतर, त्याच्याच नावाने शपथ घेणाऱ्या शासनाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिकिटावरची एक जागा मोकळी ठेवता येऊ नये काय?